नोझलची फिरकी, चकती आणि थेंबाचा आकार : पंप बदलला, आता फवारणीचा हिशेबही बदला

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील फवारणीची साधने झपाट्याने बदलली आहेत. वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावसारख्या सोयाबीन-तुरीच्या गावांत हाताच्या दांडीचा पंप मागे पडत चालला आणि त्याच्या जागी बॅटरी पंप आला. धुऱ्यावर इंजिन ठेवून लांब पाइपाने फवारणारा एचटीपी आला, आणि आता ड्रोनही दिसू लागला. २०२४ च्या खरिपात राज्याच्या कापूस-सोयाबीन विशेष कृती योजनेतून बॅटरीचलित फवारणी पंप शंभर टक्के अनुदानावर देण्यासाठी महाडीबीटीवर अर्ज मागवले गेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांना ड्रोन देण्याच्या योजनेला मंजुरी दिली. १५ हजार गट, १,२६१ कोटी रुपये खर्च, ड्रोन व त्याच्या साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत अनुदान, असे मंजुरीच्या वेळी तिचे स्वरूप होते.

या सगळ्या चर्चेत पंप आहे, बॅटरी आहे, ड्रोन आहे, औषधाचे नाव आहे. नोझल मात्र कुठेच नाही. खरे तर औषधाचा थेंब पंपात तयार होत नाही, तो नोझलमध्ये तयार होतो. थेंब केवढा होणार, पानावर बसणार की वाऱ्यावर जाणार, की फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाणार, हे बऱ्याच अंशी बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेला हा भाग ठरवतो. म्हणून या लेखात नोझलच्या आतील रचना थेंबावर कसा परिणाम करते ते पाहू. त्यावरून बदललेल्या साधनांसह औषधाचा आणि पाण्याचा हिशेब कसा करायचा, तेही पाहू.

नोझलच्या पोटात काय घडते?

कीटकनाशक आणि बुरशीनाशकासाठी आपण बहुतेक वेळा हॉलो कोन, म्हणजे पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल वापरतो. ते उघडून पाहिले तर आत गाळणी, फिरकी, चकती आणि वरची टोपी असे भाग सापडतात. फिरकीवर तिरक्या खाचा असतात. चकतीच्या मधोमध बारीक छिद्र असते. फिरकी आणि चकती यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहते. तिला आपण फिरण्याची खोली म्हणू.

दाबाखालचे पाणी तिरक्या खाचांतून आत शिरते तेव्हा ते सरळ न जाता गोल फिरू लागते. ताक घुसळताना रवीभोवती मध्यभागी खळगा पडतो, तसाच खळगा या खोलीतही पडतो आणि त्या खळग्यात हवा असते. त्यामुळे चकतीच्या छिद्रातून पाणी पूर्ण भरून बाहेर पडत नाही. ते छिद्राच्या कडेने, पातळ कड्यासारखे बाहेर येते. बाहेर आल्यावर फिरण्याच्या जोराने हे कडे पसरते आणि पाण्याचा पातळ पडदा शंकूच्या आकारात उघडतो. हा पडदा जसजसा पसरतो तसतसा पातळ होतो, थरथरतो, फाटतो, त्याचे धागे होतात आणि धाग्यांचे थेंब होतात.

साध्या डोळ्यांनीही हे दिसते. स्वच्छ पाणी भरून, उन्हाकडे नोझल धरून पाहा. तोंडाजवळचा भाग काचेसारखा पारदर्शक दिसेल, तो पडदा. त्याच्या पुढे धुरकट भाग सुरू होतो, तेथे थेंब तयार झालेले असतात.

यातून एकच नियम लक्षात ठेवा. पडदा जितका पातळ, तितका थेंब बारीक. पडदा जाड, तर थेंब जाड. नोझलच्या रचनेतील प्रत्येक बदल शेवटी या पडद्याची जाडी बदलतो. तेलावर चालणाऱ्या भट्टीच्या बर्नरमध्येही इंधनाचे बारीक थेंब करण्यासाठी फिरकीचे हेच तत्त्व वापरतात. तेथे इंधन नीट जळावे म्हणून थेंब बारीक हवा असतो. आपल्याला तो पानावर बसावा म्हणून योग्य आकाराचा हवा आहे, आणि जास्तीत जास्त बारीक हा योग्य आकार नव्हे.

रचनेतील चार बदल आणि त्यांचे परिणाम

१. चकतीचे छिद्र. छिद्र मोठे झाले की मिनिटाला जास्त पाणी बाहेर पडते आणि कड्याची जाडीही वाढते. त्यामुळे थेंब जाड होतो. लहान छिद्रातून पाणी कमी येते, थेंब बारीक होतो, पण कचरा अडकण्याचे प्रमाण वाढते.

२. फिरकीच्या खाचा. खाचा अरुंद आणि तिरक्या असतील तर पाणी जोरात फिरते, शंकू रुंद उघडतो आणि थेंब बारीक होतो. खाचा मोठ्या असतील, जास्त असतील किंवा झिजून रुंद झाल्या असतील तर फिरण्याचा जोर कमी होतो, शंकू अरुंद होतो आणि थेंब जाड होतो.

३. फिरण्याच्या खोलीची खोली. फिरकी चकतीपासून दूर गेली की शंकू अरुंद होतो, फवारा लांब जातो आणि थेंब जाड होतो. एचटीपीच्या गनची मूठ फिरवल्यावर हेच घडते. एका बाजूला फिरवली की जवळ पडणारे रुंद धुके, दुसऱ्या बाजूला फिरवली की दूर जाणारी धार. मूठ फिरवता तेव्हा तुम्ही फवाऱ्याचे अंतर आणि थेंबाचा आकार दोन्ही एकदम बदलता. दोन माणसांनी एकाच गनने, वेगवेगळ्या जागी मूठ ठेवून फवारले तर ती दोन वेगळी फवारणी झाली.

४. फिरकीच नसणे. नोझल सारखे तुंबते म्हणून काही ठिकाणी फिरकी काढून टाकली जाते. तसे केले की पाणी फिरतच नाही. पडदा तयार होत नाही, नुसती धार येते. थेंब एवढे जाड होतात की पानावरून ओघळून जमिनीवर जातात. तुंबण्याचा उपाय फिरकी काढणे हा नाही. पाणी गाळून भरणे आणि दांडीतील व नोझलमधील गाळणी धुणे हा आहे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका, तारेने किंवा खिळ्याने टोचू नका. जुन्या दातघासणीच्या ब्रशने साफ करा.

दाबाचा परिणाम

रचना तीच ठेवून दाब वाढवला तरी थेंब बारीक होतो. मात्र दाब आणि पाणी एकाच प्रमाणात वाढत नाहीत. दाब चौपट केला तेव्हा पाणी दुप्पट होते. त्याच वेळी फिरकीच्या नोझलमध्ये थेंबाचा सरासरी आकार साधारण एक-तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे जास्त पाणी हवे म्हणून दाब वाढवला तर पाणी थोडे वाढते आणि धुके फार वाढते. पाणी वाढवायचे असेल तर चकती बदला, दाब नको.

हाताच्या पंपाचा दाब साधारण २ ते ३ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास राहतो आणि तो हात थकेल तसा कमी-जास्त होतो. बॅटरी पंपात मोटर सतत दाब देते, आणि तो सहसा हाताच्या पंपापेक्षा जास्त असतो. एचटीपीचा दाब त्याहून कितीतरी पट जास्त ठेवता येतो. हाताच्या पंपासाठी निवडलेले नोझल बॅटरी पंपाच्या दांडीला लावले तर थेंब तोच राहील, असे गृहीत धरू नका.

थेंब बारीक झाला की काय होते?

थेंब मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात. बारीक थेंबाचा फायदा येथेच आहे, कारण कमी पाण्यात जास्त पान झाकले जाते. तोटा पुढे आहे.

शांत हवेत ४०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर उंचीवरून सेकंदभराच्या आत खाली येतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे चार सेकंद लागतात. २० मायक्रॉनच्या थेंबाला मिनिटाहून जास्त लागतो. आता ताशी ५ किलोमीटरचा, म्हणजे पाने हलकेच हलवणारा वारा धरा. तेवढ्या वेळात ४०० मायक्रॉनचा थेंब एक मीटरच्या आत पडेल, १०० मायक्रॉनचा पाच-सहा मीटर सरकेल आणि २० मायक्रॉनचा शंभर मीटरपलीकडे, शेजाऱ्याच्या वावरात जाईल.

दुसरा शत्रू ऊन. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना साध्या पाण्याचा १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे १६ सेकंदांत वाळतो, ५० मायक्रॉनचा फक्त ४ सेकंदांत. तेवढ्या वेळात ५० मायक्रॉनचा थेंब वीतभर अंतरही जेमतेम खाली येतो. पाणी उडून जाते, औषध मात्र उडत नाही. ते अधिक तीव्र होऊन सूक्ष्म कणाच्या रूपात हवेत तरंगत राहते, आणि श्वासातून आत जाणारा भाग हाच असतो.

कोणतेही नोझल एकाच आकाराचे थेंब देत नाही. मध्यम फवाऱ्यातही काही थेंब बारीक असतातच. रचना आणि दाब चुकला की या बारीक थेंबांचा हिस्सा वाढतो. म्हणून कामानुसार निवड करा :

- कीटकनाशक, बुरशीनाशक : हॉलो कोन नोझल, २ ते ३ किलो दाब, बारीक ते मध्यम थेंब, म्हणजे ढोबळमानाने १५० ते ३०० मायक्रॉन.
- तणनाशक : फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल, कमी दाब, मध्यम ते जाड थेंब. तणनाशकासाठी हॉलो कोन वापरू नका. उडालेला थेंब शेजारच्या पिकावर पडला की भांडण ठरलेले.
- पांढरी माशीसारख्या किडी : २०२३ च्या खरिपात सोयाबीनवर पिवळा मोझॅक मोठ्या प्रमाणावर दिसला. त्याचा प्रसार करणारी पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते. तेथे दाब वाढवून उपयोग नाही. नोझलचे तोंड तिरपे, खालून वर करून फवारा पानाखाली पोहोचवावा लागतो.

यवतमाळ २०१७ : विसरू नये असा धडा

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. कारणांची चर्चा तेव्हा अनेक अंगांनी झाली. दोन-तीन औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव, दमट उकाडा, नेहमीपेक्षा उंच वाढलेली दाट कपाशी आणि जास्त दाबाने धुके फेकणारे स्वस्त आयात पंप, ही त्यातील ठळक कारणे.

या कारणांकडे थेंबाच्या नजरेने पाहा. पीक डोक्याएवढे झाले की नोझल छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीला येते. थेंब जाड असता तर पानावर किंवा जमिनीवर गेला असता. जास्त दाबाने तो बारीक झाला आणि दाट ओळीत वारा नसल्याने तेथेच तरंगत राहिला. फवारणारा त्याच धुक्यातून पुढे चालत गेला. घामाने भिजलेल्या अंगावर तो बसला, श्वासातून आत गेला. औषध जहाल होते हे खरेच, पण ते माणसापर्यंत पोहोचवायला बारीक थेंबाने मदत केली.

ही परिस्थिती केवळ कपाशीची नाही. आसेगाव परिसरात सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक सर्रास असते. सोयाबीन सोंगल्यावर तूर फुलोऱ्यात येते तेव्हा अनेक वावरांत ती माणसाच्या उंचीची असते, आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी त्याच वेळी करावी लागते. तेव्हा लक्षात ठेवा :

- उंच पिकात नोझल डोक्याच्या वर धरू नका. दांडी शरीराच्या बाजूला, वारा जाईल त्या दिशेला धरा.
- फवारलेल्या ओळीतून पुढे चालत जाऊ नका. फवारलेला भाग मागे किंवा वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील असे चाला.
- नुसता रुमाल बारीक थेंब अडवत नाही. योग्य मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला.
- मळमळ, डोके गरगरणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, जास्त घाम-लाळ येणे, अशी लक्षणे दिसली तर काम थांबवा, कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या.

‘पॉवर पंपाला तिप्पट’ या वाक्याचा घोळ

कीटकनाशकांच्या शिफारशींखाली एक ओळ तुम्ही वाचली असेल : ही मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी तिप्पट घ्यावी. ही ओळ चूक नाही, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. येथे पॉवर पंप म्हणजे पाठीवरचा पेट्रोल इंजिनाचा, हवेच्या झोताने धुके फेकणारा पंप. तो एकरी पाणी साधारण एक-तृतीयांश वापरतो, म्हणून तेवढ्या पाण्यात औषध तिप्पट, जेणेकरून एकरी औषध तेवढेच राहावे. बॅटरी पंपाला किंवा एचटीपीला ‘पॉवर’ म्हणून सरसकट तिप्पट लावले तर हिशेब बिघडतो.

उदाहरण घेऊ. सोयाबीनवरील अळ्यांसाठी क्लोरॅंट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी हे औषध हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली. एकरी २०० लिटर पाणी धरले तर १० लिटरला ३ मिली. आता तुमचे नोझल खरोखर किती पाणी टाकते ते मोजा. सूत्र सोपे आहे :

एकरी पाणी (लिटर) = ४,००० × मिनिटाला नोझलचे पाणी (लिटर) ÷ (मिनिटाला चाललेले अंतर मीटर × फवाऱ्याची रुंदी मीटर)

समजा तुम्ही २० मीटर अंतर ३० सेकंदांत चालता, म्हणजे मिनिटाला ४० मीटर. सोयाबीनच्या ४५ सेंमी अंतराच्या दोन ओळी एका खेपेत घेता, म्हणजे रुंदी ०.९ मीटर.

- एक नोझल, मिनिटाला ०.६ लिटर : एकरी सुमारे ६७ लिटर. १० लिटरला ३ मिली टाकले तर एकरी औषध फक्त २० मिली गेले. गरजेच्या तिसरा हिस्सा. अळी मरत नाही आणि आपण औषध बनावट होते म्हणतो.
- दोन तोंडांचे नोझल, मिनिटाला १.२ लिटर : एकरी सुमारे १३३ लिटर. १० लिटरला ३ मिली टाकले तर ४० मिली गेले, तरीही कमी. पण ‘पॉवर पंप’ म्हणून तिप्पट, म्हणजे ९ मिली टाकले तर एकरी १२० मिली गेले. गरजेच्या दुप्पट. खर्च दुप्पट, आणि जहाल औषध असेल तर धोकाही दुप्पट.

मग योग्य काय? लेबलवर औषधासोबत पाण्याचेही प्रमाण असते, ते गाठायचे. याच दोन तोंडांच्या नोझलने २० मीटर अंतर ३० ऐवजी ४५ सेकंदांत चाला. एकरी पाणी बरोबर २०० लिटर होते, आणि १० लिटरला ३ मिली हे प्रमाण जसेच्या तसे लागू पडते. एक तोंडाचे नोझल असेल तर एका खेपेत एकच ओळ घ्या आणि वेग कमी करा, किंवा मोठ्या छिद्राची चकती बसवा. पंपाच्या नावावरून औषध वाढवू-कमी करू नका. आधी पाणी मोजा, मग औषध ठरवा.

ड्रोन : कमी पाणी, म्हणून थेंबाला जास्त महत्त्व

ड्रोनने एकरी साधारण १० लिटर पाण्यात फवारणी होते. एवढ्या पाण्यातून सगळे थेंब २०० मायक्रॉनचे झाले तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सुमारे ६० थेंब वाट्याला येतात. ४०० मायक्रॉनचे झाले तर फक्त सात-आठ. पूर्ण वाढलेल्या सोयाबीनच्या पानांचे क्षेत्र जमिनीच्या तीन-चार पट असते, त्यामुळे प्रत्यक्ष पानावर याहून बरेच कमी थेंब बसतात. कीटकनाशकाला पानाच्या चौरस सेंटीमीटरवर २० ते ३० थेंब, स्पर्शजन्य बुरशीनाशकाला ५० ते ७० थेंब असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ड्रोनला जाड थेंब परवडत नाही, आणि बारीक थेंब दीड-दोन मीटर उंचीवरून दुपारच्या उन्हात पिकापर्यंत पोहोचत नाही. दोन्हींमधली वाट फार अरुंद आहे.

काही ड्रोनवर फ्लॅट फॅन नोझल असते, काहींवर वेगाने फिरणारी चकती. फिरत्या चकतीत थेंबाचा आकार दाबावर नव्हे, तर फेऱ्यांवर ठरतो. फेऱ्या वाढल्या की थेंब बारीक. गावात ड्रोन आला तर भाडे विचारण्याबरोबर चालकाला हे चार प्रश्न विचारा : नोझल कोणते? थेंबाचा आकार किती ठेवला? एकरी पाणी किती? उड्डाणाची उंची किती? आणि हे औषध ड्रोनने फवारण्यास परवानगी आहे का, हे लेबलवर पाहा. पानाच्या खाली बसणाऱ्या किडीसाठी आणि दाट पिकाच्या तळाशी असलेल्या रोगासाठी ड्रोनवर पूर्ण भिस्त ठेवू नका.

घरच्या घरी तपासणी : अर्ध्या तासाचे काम

१. पाणी मोजा. पंपात स्वच्छ पाणी भरा, नेहमीच्या दाबाने एक मिनिट फवारा मोजपात्रात घ्या. तीनदा मोजून सरासरी काढा आणि पंपावर पक्क्या शाईने लिहून ठेवा.

२. नव्याशी तुलना करा. तशाच नव्या चकतीचे पाणी मोजा. जुनीचे पाणी नवीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर चकती बदला. नवी ६०० मिली देत असेल आणि जुनी ६६० च्या पुढे गेली, तर ती झिजली. भुकटीच्या रूपातील औषधे आणि गढूळ पाणी चकती लवकर झिजवतात. पितळ आणि साधे प्लास्टिक स्टेनलेस स्टील किंवा सिरॅमिकपेक्षा लवकर झिजते.

३. शंकू पाहा. कोरड्या फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर नोझल उभे धरून क्षणभर फवारा सोडा. ओले कडे गोल आणि सगळीकडे सारखे हवे. एका बाजूला ओघळ, दुसरीकडे कोरडे असेल तर छिद्र वेडेवाकडे झिजले आहे किंवा फिरकीची एखादी खाच तुंबली आहे.

४. थेंब मोजा. पाण्यात कपड्यांची नीळ मिसळा. पांढऱ्या कागदाचे तुकडे पिकात वर, मध्ये आणि तळाशी, काही पानांच्या खालच्या बाजूला टाचणीने लावा. नेहमीच्या चालीने फवारा. नंतर एक सेंटीमीटरच्या चौकोनात किती ठिपके पडले ते मोजा. वरच्या कागदावर सगळे निळे झाले आणि तळाचा कोरडा राहिला, तर औषध बदलण्याआधी फवारण्याची पद्धत बदला.

बाजारात रंगीत नोझल मिळतात. आंतरराष्ट्रीय रंगसंकेत पाळणाऱ्या नोझलमध्ये ३ बार दाबाला हिरवे मिनिटाला ०.६ लिटर, पिवळे ०.८ लिटर, निळे १.२ लिटर पाणी देते. पण प्रत्येक रंगीत प्लास्टिक नोझल हा संकेत पाळतेच असे नाही. रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजपात्रावर ठेवा.

योजना आणि विस्तार यंत्रणेसाठी

पंपवाटपाचे यश आज वाटलेल्या पंपांच्या संख्येवर मोजले जाते. माझ्या मते यात तीन सोप्या गोष्टींची भर घातली तर त्याच खर्चात कितीतरी जास्त फायदा होईल. पहिली, प्रत्येक पंपासोबत कीटकनाशकासाठी हॉलो कोन आणि तणनाशकासाठी फ्लॅट फॅन अशी दोन नोझल, आणि प्रत्येकाचे मिनिटाचे पाणी व दाब सांगणारा मराठी तक्ता. दुसरी, शिफारशीत ‘१० लिटरला इतके’ याच्या जोडीला ‘एकरी इतके औषध आणि इतके पाणी’ हे ठळक छापणे, आणि ‘पॉवर पंप’ म्हणजे कोणता पंप हे स्पष्ट लिहिणे. तिसरी, कृषी सहायक, कृषी सखी आणि कृषी विज्ञान केंद्राच्या मंडळींनी खरीप सभेत मोजपात्र, नीळ आणि कागद घेऊन वरची तपासणी करून दाखवणे. करडा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालयाकडे गावाने एकत्र मागणी केली, तर एका सकाळी पंचवीस-तीस पंप तपासून होतील.

कृषी सेवा केंद्रचालकांनाही एक विनंती. औषधाच्या बाटलीसोबत चकती आणि वॉशर दुकानात ठेवा, आणि ग्राहकाला शेवटची चकती कधी बदलली ते विचारा.

तुमच्यापुरते म्हणाल, तर पुढच्या फवारणीआधी एवढे करा : नोझल उघडून फिरकी जागेवर आहे का पाहा, गाळणी धुवा, मिनिटाचे पाणी मोजा, २० मीटर चालायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि वरच्या सूत्रात आकडे टाका. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा मंद असताना करा. औषधाचा खर्च एकरी शेकड्यात-हजारात जातो, मजुरी वेगळी. त्याच्या तुलनेत चकतीची किंमत किरकोळ आहे. ती झिजलेली असेल तर उद्या औषध आणायला जाल तेव्हा तीही घेऊन या.